तुरुंगातील व्यसनमुक्ती : हिशेब कोणाचा मांडायचा?

कॅलिफोर्निया राज्यात तुरुंग खात्यावर देखरेख ठेवण्यासाठी महानिरीक्षकांचे स्वतंत्र कार्यालय आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये तत्कालीन महानिरीक्षक मॅथ्यू केट यांनी कैद्यांच्या व्यसनमुक्तीसंबंधी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष सरकारी अहवालांत सहसा न आढळणाऱ्या परखडपणाने मांडलेला होता. १९८९ पासून या कार्यक्रमांवर राज्याने शंभर कोटी डॉलरांहून अधिक पैसा खर्च केला आणि तो वाया गेला, असे त्यांनी नमूद केले. राज्यातील दोन सर्वांत मोठ्या तुरुंगी कार्यक्रमांचा विद्यापीठाने पाच वर्षे अभ्यास केला होता. उपचार घेतलेले कैदी सुटकेनंतर वर्षभरात ज्या प्रमाणात तुरुंगात परतले, ते प्रमाण उपचार न घेतलेल्यांपेक्षा कमी तर नव्हतेच, उलट किंचित अधिक होते.

पैसा वाया जाणे ही सरकारी कारभारात नवलाची गोष्ट नव्हे. नवल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. हे कार्यक्रम निष्फळ ठरत आहेत, हे खात्याला महानिरीक्षकांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते असे नाही. खात्याने स्वतःच्या खर्चाने विद्यापीठांकडून मूल्यमापने करवून घेतली होती. अशा वीसहून अधिक अहवालांत त्याच त्या उणिवा पुनःपुन्हा दाखवून दिल्या होत्या, आणि ते अहवाल कपाटांत पडून होते. मूल्यमापनासाठी पैसे मोजायचे, अहवाल स्वीकारायचा, आणि पुढल्या वर्षी त्याच कार्यक्रमाला वाढीव तरतूद मिळवायची, असा हा क्रम. आपल्याकडील चौकशी आयोगांचा इतिहास ज्यांना परिचित आहे त्यांना तो अनोळखी वाटू नये.

तथापि ही हकीकत एवढ्यावर सोडली तर वाचकाची दिशाभूल होईल. कारण याच कॅलिफोर्नियातील एका तुरुंगाने जगाला व्यसनमुक्तीच्या यशाचा सर्वांत गाजलेला आकडा पुरविला आहे. सॅन डिएगोजवळील डॉनोव्हन तुरुंगात १९९० च्या सुमारास ‘अमिटी’ नावाच्या संस्थेने एक उपचार-समुदाय चालविला. १९९९ मध्ये त्याचे तीन वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार न मिळालेल्या कैद्यांपैकी शेकडा ७५ जण तीन वर्षांत पुन्हा तुरुंगात आले होते. तुरुंगातील उपचार आणि सुटकेनंतरचे उपचार असे दोन्ही टप्पे पूर्ण करणाऱ्यांपैकी मात्र केवळ शेकडा २७ जण परतले. पंचाहत्तर आणि सत्तावीस! एवढा फरक दाखविणारे औषध वैद्यकशास्त्रातही क्वचितच सापडेल. हा आकडा विधिमंडळांतून, परिषदांतून, अर्थसंकल्पी भाषणांतून फिरला, आणि त्याच्या बळावर एकामागून एक तुरुंगांत खाटा वाढविण्यात आल्या.

मग एकाच राज्यात, एकाच पद्धतीच्या उपचारांना एकदा अपूर्व यश आणि एकदा संपूर्ण अपयश कसे आले? दोन्ही आकडे खरे आहेत. घोळ आहे तो मोजायला कोणाला धरले यात.

शाळाशाळांतून चालणारा एक जुना प्रकार शिक्षकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. नववीच्या वर्गात कच्ची मुले गाळायची, उरलेल्यांनाच दहावीच्या परीक्षेला बसवायचे, आणि जूनमध्ये शंभर टक्के निकालाचा फलक प्रवेशद्वारावर लावायचा. फलकावरचा आकडा खोटा नसतो. परंतु तो शाळेच्या शिकवण्याविषयी फारसे काही सांगत नाही, गाळणीविषयी सांगतो. अमिटीचा शेकडा २७ हा आकडा अशाच गाळणीतून आलेला आहे. त्याच अभ्यासातील इतर आकडे पाहिले की हे ध्यानात येते. कार्यक्रम अर्ध्यावर सोडणाऱ्यांपैकी शेकडा ८२ जण तुरुंगात परतले. तुरुंगातील टप्पा पुरा करून बाहेरचे उपचार न घेणाऱ्यांपैकी शेकडा ७९ परतले. बाहेरचे उपचार सुरू करून मध्येच सोडणाऱ्यांपैकी तर शेकडा ८६. म्हणजे उपचारांचा काही ना काही अंश मिळालेले हे तिन्ही गट उपचार अजिबात न मिळालेल्यांपेक्षाही वाईट ठरले. उपचारांनी त्यांचे नुकसान केले, असे कोणी म्हणणार नाही. उलगडा सरळ आहे. उपचार न मिळालेल्या गटात चिकाटीचे आणि धरसोडीचे, घरी बायकामुले वाट पाहत असलेले आणि कोणीच नसलेले, असे सगळे एकत्र होते. उपचारांच्या गटात मात्र ते टप्प्याटप्प्याने वेगळे होत गेले, आणि शेवटी जे उरले ते बहुधा असे की ज्यांची सावरण्याची शक्यता पहिल्या दिवसापासूनच अधिक होती.

सुदैवाने अमिटीच्या अभ्यासाची मांडणी मुळात प्रामाणिक होती. जागा थोड्या आणि इच्छुक फार, म्हणून कोणाला प्रवेश मिळावा हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरविले होते. त्यामुळे खरी तुलना शक्य होती : ज्यांची चिठ्ठी निघाली ते सगळे, आणि ज्यांची निघाली नाही ते सगळे. कोणी पूर्ण केले, कोणी सोडले, हे न पाहता. अशी तुलना पाच वर्षांनंतर केली गेली आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. चिठ्ठी निघालेल्यांपैकी शेकडा ७५.७ जण पाच वर्षांत परत तुरुंगात आले होते. न निघालेल्यांपैकी शेकडा ८३.४. पूर्वीच्या अठ्ठेचाळीसांच्या फरकाचा आता आठाहूनही कमी फरक झाला होता.

हा आठाचा आकडा क्षुल्लक समजण्याची घाई करू नये. शंभरांतील सात-आठ माणसे तुरुंगाबाहेर राहिली, याचा अर्थ तेवढ्या कुटुंबांत मिळवता माणूस राहिला आणि तेवढे अपराध कमी घडले. अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंग विभागाने २००० साली आपल्या निवासी व्यसनमुक्ती कार्यक्रमाचे जे सविस्तर मूल्यमापन प्रसिद्ध केले, त्यातही निवड-दोष वजा करण्याचा कसोशीने प्रयत्न केल्यावर याच मापाचा फरक दिसला होता. तीन वर्षांत पुन्हा पकडले गेलेले किंवा देखरेखीच्या अटी मोडल्याने अडकलेले पुरुष उपचारितांमध्ये शेकडा ४४.३ आणि इतरांमध्ये शेकडा ५२.५ होते, स्त्रियांमध्ये हेच प्रमाण २४.५ आणि २९.७. दोन वेगळ्या यंत्रणा, दोन वेगळ्या पद्धती, आणि उत्तर जवळजवळ सारखे. तुरुंगातील व्यसनमुक्ती चमत्कार करीत नाही. ती थोडे काम करते. हे थोडे काम मान्य करून त्याचा मोबदला ठरविण्याऐवजी सरकारांनी आधी चमत्काराची जाहिरात केली आणि चमत्कार न घडल्याबरोबर सगळेच फसवे ठरविले.

हा हेलकावा नवा नाही. १९३५ मध्ये अमेरिकेने केंटकी राज्यातील लेक्झिंग्टन येथे व्यसनी कैद्यांसाठी एक प्रचंड संस्था उभारली. अर्धा तुरुंग, अर्धे रुग्णालय, आणि भोवती शेती व गोठे. शिक्षा भोगणारे आणि स्वेच्छेने दाखल झालेले असे दोन्ही प्रकारचे लोक तेथे एकत्र राहत. मोकळी हवा, कष्ट आणि वैद्यकीय देखरेख यांनी अफूचे व्यसन सुटेल, अशी त्या काळाची श्रद्धा होती. तेथून न्यूयॉर्कला परतलेल्या सुमारे एकोणीसशे लोकांचा माग काढून १९६२ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याने त्या श्रद्धेला धक्का दिला. शेकडा नव्वदांच्या आसपास लोक पुन्हा व्यसनात पडले होते, आणि त्यांतील बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच. परंतु त्याच लेक्झिंग्टनमधील शंभर न्यूयॉर्ककरांचा जॉर्ज व्हॅलंट या मानसोपचारतज्ज्ञाने बारा वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. जवळजवळ सगळेच एकदा तरी घसरले होते, पण बारा वर्षांच्या अखेरीस निम्म्याच्या आसपास माणसे व्यसनाशिवाय समाजात वावरत होती. आणि नुसते रुग्णालयात राहून गेलेल्यांपेक्षा सुटकेनंतर दीर्घकाळ पॅरोलच्या देखरेखीखाली राहिलेल्यांची स्थिती कितीतरी चांगली होती. सहा महिन्यांवर मोजले तर संपूर्ण अपयश, बारा वर्षांवर मोजले तर निम्मे यश. भिंतीच्या आत काय घडले त्यापेक्षा बाहेर काय घडले याला अधिक वजन आहे, हे तेव्हाच दिसून आले होते.

यानंतर १९७४ मध्ये रॉबर्ट मार्टिन्सन यांचा तो प्रसिद्ध लेख आला. कैद्यांच्या सुधारणेसंबंधीच्या २३१ अभ्यासांचा आढावा घेऊन त्यांनी जे लिहिले त्याचा राजकारणी मंडळींनी दोन शब्दांत अनुवाद केला : काहीच उपयोगाचे नाही. १९७९ मध्ये मार्टिन्सन यांनी स्वतःच हे मत बव्हंशी मागे घेतले. मागे घेतलेले मत मात्र कोणी वाचले नाही. कारण शिक्षा वाढविण्याचे युग सुरू झाले होते, आणि त्या युगाला पहिलाच लेख सोयीचा होता.

मार्टिन्सन यांच्या लेखाने निराशा पसरलेली असतानाच न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील तुरुंगात १९७७ मध्ये ‘स्टे अ‍ॅन आऊट’ हा उपचार-समुदाय सुरू झाला. उपचार-समुदाय म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. व्यसनी कैद्यांना इतर कैद्यांपासून वेगळ्या विभागात ठेवायचे. तेथील मार्गदर्शक पुष्कळदा स्वतः पूर्वीचे व्यसनी आणि कैदी असतात. रोज सकाळी सभा, मग नेमून दिलेली कामे. चांगले वागणाऱ्याला वरची जबाबदारी आणि वाईट वागणाऱ्यास सगळ्यांदेखत जाब. एकमेकांच्या सबबी एकमेकांनीच उघड्या पाडायच्या. हे सारे नऊ महिने ते वर्षभर चालायचे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार यातून गेलेल्या पुरुषांपैकी शेकडा २६.९ जणांना पुन्हा अटक झाली, तर कोणताच उपचार न मिळालेल्यांपैकी शेकडा ४०.९ जणांना. नुसते समुपदेशन मिळालेल्यांचा आकडा ३९.८ होता, म्हणजे आठवड्यातून एकदा समुपदेशकापुढे बसविण्याने जवळजवळ काहीच साधले नव्हते. येथे गट चिठ्ठीने पाडलेले नसल्याने निवडीचा दोष राहतोच. पण आणखी एक बाब लक्षणीय होती. नऊ ते बारा महिने राहिलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला आणि त्याहून अधिक काळ राहिलेल्यांचा लाभ घटला. उपचारांचा परिणाम दिसू लागला असता माणसाला सोडावयाचे, तर पॅरोल मंडळ त्याला आतच ठेवते, आणि मिळविलेले हळूहळू गमावले जाते.

डेलावेअर राज्याने हे ओळखून उपचारांची साखळी तयार केली. आधी तुरुंगात ‘की’ नावाचा समुदाय, मग दिवसा बाहेर काम आणि रात्री निवास अशी सोय असलेले ‘क्रेस्ट’, आणि त्यानंतर पॅरोलवर असताना आठवड्याच्या बैठका. तीन वर्षांनंतरची मोजणी बोलकी आहे. उपचार न मिळालेल्यांपैकी शेकडा २९ जणांना अटक झाली नव्हती आणि केवळ शेकडा ५ जण व्यसनापासून दूर होते. ‘क्रेस्ट’ पूर्ण करणाऱ्यांमध्ये हे आकडे ५५ आणि २७ होते. त्यानंतरच्या बैठकांनाही येणाऱ्यांमध्ये ६९ आणि ३५. नुसत्या तुरुंगातील उपचारांचा प्रभाव तीन वर्षांत पुसला गेला होता. येथेही गाळणी आहेच, आणि ती वजा करून वाचावयास हवे. तरीही ‘क्रेस्ट’ अर्ध्यावर सोडणाऱ्यांपैकी शेकडा १७ जण व्यसनापासून दूर राहिले होते, उपचार न मिळालेल्यांपैकी पाचच. तेव्हा सगळेच श्रेय गाळणीला देता येत नाही.

आता कॅलिफोर्नियाने काय केले ते पाहावे. डॉनोव्हनमधील समुदाय दोनशे खाटांचा होता आणि तेथे स्वेच्छेने आलेल्यांनाच घेत. त्याच्या यशाने हुरळून राज्याने १९९७ मध्ये कॉर्कोरन येथे एक संपूर्ण तुरुंग उघडला आणि त्याच्या नावातच ‘व्यसनोपचार केंद्र’ हे शब्द घातले. एका झटक्यात १,४७८ उपचार-खाटा. कैद्यांची नेमणूक बहुतांशी त्यांच्या इच्छेवर नव्हे तर निकषांवर झाली. एवढे अनुभवी मार्गदर्शक एका दिवसात कोठून मिळणार? उपचारांतील कैदी आणि इतर कैदी यांची आवारात सरमिसळ होई. आणि तुरुंगात कोठे मारामारी झाली की सगळ्यांना कोठड्यांत बंद करून उपचार दिवसेंदिवस स्थगित होत. उपचार-समुदायाचा प्राण म्हणजे वेगळेपण आणि सातत्य. तो प्राण काढून घेऊन नाव तेवढे ठेवले गेले. सुटकेनंतरच्या सोयी अपुऱ्या होत्या आणि ज्या होत्या तेथे जाणारे थोडे होते. अशा स्थितीत विद्यापीठाला फरक आढळला नाही हे अपयश उपचारांचे, की उपचारांच्या नावाखाली चालविलेल्या दुसऱ्याच कशाचे, हा प्रश्न महानिरीक्षकांच्या अहवालावरील गदारोळात मागे पडला.

मूल्यमापनकारांनी ध्यानात ठेवावी अशी आणखी एक खोच आहे. उपचार घेऊन सुटलेल्या माणसावर देखरेख अधिक असते. त्याची लघवी अधिक वेळा तपासली जाते आणि त्याची गैरहजेरी लवकर उघडकीस येते. म्हणून तो ‘पुन्हा तुरुंगात’ या रकान्यात अधिक सहज पडतो, मग त्याने अपराध केलेला असो वा नसो. ज्याच्याकडे कोणी पाहतच नाही तो कागदोपत्री सुधारलेला ठरतो. उलट, सवलतीचे आमिष असेल तर आणखी वेगळी फसगत होते. १९९४ च्या कायद्याने अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंगांतील हिंसक गुन्हा नसलेल्या कैद्यांना निवासी उपचार पूर्ण केल्यास एक वर्षापर्यंत शिक्षेत सूट मिळू लागली. वर्षभर लवकर घरी जावयाचे असेल तर व्यसन नसलेल्यानेही आपण व्यसनी असल्याचे सांगावे, हा मोह सामान्य माणसालाही आवरणार नाही. मग कैद्याला कशाने आवरावा? मुळात व्यसन नसलेल्यांचे व्यसन सोडविण्यात कोणताही कार्यक्रम यशस्वीच होणार.

हे सारे वाद ‘परत तुरुंगात आले की नाही’ या एकाच मापाभोवती फिरत असताना दुसऱ्या एका मापाकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. ते माप मृत्यूचे. वॉशिंग्टन राज्यातील तुरुंगांतून सुटलेल्या ३०,२३७ जणांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका राज्यातील इतर नागरिकांच्या तुलनेत १२.७ पट होता, आणि मात्रा अधिक झाल्याने मरण्याचा धोका तब्बल १२९ पट. कारण वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. बंदिवासात शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर आल्यावर माणूस जुन्या सवयीने जुनीच मात्रा घेतो, आणि ती त्याला मारते. म्हणजे तुरुंगात काही महिने व्यसनापासून दूर ठेवणे हेच, पुढची सोय न केल्यास, जीवघेणे ठरू शकते. मेलेला माणूस तुरुंगात परत येत नाही. मृतांची वेगळी नोंद न ठेवणाऱ्या कार्यक्रमाच्या हिशेबात तो यशस्वी म्हणून गणला जाण्याची शक्यता आहे, ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे.

ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने २०१६ मध्ये वेगळा मार्ग धरला. अफूवर्गीय व्यसन असलेल्या कैद्यांना मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन किंवा नाल्ट्रेक्सोन यांपैकी योग्य ते औषध तुरुंगातच द्यावयाचे आणि सुटकेच्या दिवसापासून ते बाहेरच्या दवाखान्यात अखंड चालू ठेवावयाचे. २०१६ च्या पहिल्या सहामाहीत त्या राज्यात नुकत्याच सुटलेल्यांपैकी २६ जण मात्रा अधिक झाल्याने दगावले होते. २०१७ च्या पहिल्या सहामाहीत ९. राज्य लहान, आकडे लहान, आणि चिठ्ठ्या टाकून पाडलेला तुलनेचा गट नाही. तेव्हा या आकड्यांपुढेही लगेच माना डोलावू नयेत. पण येथे औषधाचे काम आणि शरीराचा धर्म या दोहोंचा मेळ बसतो, आणि साखळीचा दुवा बरोबर त्या दोन आठवड्यांवर बसविलेला आहे. औषधाला औषधाने बदलणे म्हणजे व्यसनच चालू ठेवणे, हा आक्षेप नीतीच्या दृष्टीने घेणारे अनेक आहेत. त्यांनी या सहामाहीतील सतरा माणसांच्या फरकाचा विचार करावा. स्वतः कॅलिफोर्नियानेही २०२० पासून आपल्या तुरुंगांत अशी औषधे देण्यास व्यापक प्रमाणावर प्रारंभ केला आहे.

दारूचा प्रश्न या सर्व चर्चेत मागे राहतो, कारण अभ्यासांचे पैसे हेरॉइन आणि कोकेनच्या भीतीतून आलेले असतात. वस्तुतः अट्टल मद्यपी तुरुंगात आला की पहिले काही दिवसच सर्वांत धोक्याचे. दारू एकाएकी बंद झाल्याने हातपाय थरथरतात, भ्रम होतो, आकडी येते आणि वेळीच उपचार न झाल्यास माणूस दगावतो. बराकीतील पहारेकऱ्याला ते सोंग वाटते. आणि सुटल्यावर दारू पिणे हा बहुतेक ठिकाणी गुन्हा नसल्याने, अटकेच्या रकान्यातून मद्यपीचे अपयश दिसतच नाही. त्याची बायको काय सांगते हे विचारणारे मूल्यमापन विरळा.

या प्रश्नाशी महाराष्ट्राचा एक अनपेक्षित धागा जुळलेला आहे. इगतपुरीचे सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यना-पद्धतीचे मोठे शिबिर १९९४ मध्ये, किरण बेदी तुरुंग महानिरीक्षक असताना, तिहारमध्ये झाले. तेथून ही साधना १९९७ मध्ये अमेरिकेतील सिॲटलच्या एका बंदिगृहात पोहोचली, आणि विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी तिचे मूल्यमापन केले. सुटकेनंतर तीन महिन्यांनी शिबिरार्थींचे दारू व मादक द्रव्यांचे सेवन इतरांपेक्षा कमी आढळले. अभिमान वाटावा अशी ही गोष्ट. पण शिबिराला जावयाचे की नाही हे कैदी स्वतः ठरवीत, आणि पाठपुराव्यात कितीतरी जण सापडलेच नाहीत. जी कसोटी अमिटीला लावली ती आपल्या मातीतून गेलेल्या साधनेला लावताना शिथिल करण्याचे कारण नाही.

भारतात आता अनेक राज्ये तुरुंगांतून व्यसनमुक्ती केंद्रे उघडीत आहेत. तिहारमध्ये २००८ च्या सुमारास ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार सुरू झाले. पंजाबनेही पुढे आपल्या तुरुंगांत तशी सोय केली. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील एकोणचाळिसाव्या कलमाने तर अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याच्या संमतीने, तुरुंगाऐवजी उपचारांसाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयास दिलेला आहे. महाराष्ट्रात तर ‘गर्द’ने घरे उद्ध्वस्त होऊ लागली तेव्हाच, १९८६ मध्ये, पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. तेथे रुग्णाइतकेच त्याच्या पत्नीकडे आणि घरी परतल्यानंतरच्या पाठपुराव्याकडे लक्ष दिले जाते. डेलावेअरला जे अभ्यासांती कळले ते येथे कार्यकर्त्यांना अनुभवाने कळले होते.

परंतु अमेरिकी नमुना उचलताना एक मूलभूत भेद ध्यानात घ्यावा लागेल. नऊ महिन्यांचा समुदाय हा शिक्षा झालेल्या, सुटकेची तारीख ठाऊक असलेल्या कैद्यासाठी आखलेला आहे. भारतातील तुरुंगांत २०२२ च्या अधिकृत आकडेवारीनुसार सुमारे तीन-चतुर्थांश लोक शिक्षा झालेले नव्हेत, तर खटला चालू असलेले कच्चे कैदी होते. त्यातील कोण आठ दिवसांत सुटेल आणि कोण तीन वर्षे खितपत पडेल, हे तुरुंगाधिकाऱ्यालाही सांगता येत नाही. अशांसाठी दीर्घ कार्यक्रमाची टोलेजंग इमारत बांधून तिच्यातून ‘उपचार पूर्ण’ केलेल्यांची संख्या वार्षिक अहवालात छापणे म्हणजे कॉर्कोरनचीच आवृत्ती काढणे होय. येथे लागणारे उपचार आगमनाच्या पहिल्या दिवशी सुरू व्हावयास हवेत आणि कोणत्याही दिवशी तुटल्यास बाहेर जोडता यावयास हवेत.

नोंदवहीही त्याप्रमाणे हवी. उपचारांस किती जण घेतले गेले. त्यांपैकी कोण कोणत्या दिवशी सुटला. सुटल्यानंतर चौदा दिवसांत तो बाहेरच्या दवाखान्यात पोहोचला की नाही. वर्षाअखेर तो जिवंत आहे का, आणि असल्यास कोठे. हे रकाने भरण्यास एक कारकून आणि एक दूरध्वनी पुरेसा आहे. यश मोजावयाचे ते पहिल्या रकान्यातील सर्व नावांवर, शेवटपर्यंत टिकलेल्यांवर नव्हे. जामिनाचा आदेश पुष्कळदा दिवस मावळताना तुरुंगाच्या दारी पोहोचतो आणि माणूस रात्री रस्त्यावर येतो. त्याच्या खिशात दुसऱ्या दिवशी सकाळच्या मात्रेसाठी दवाखान्याची चिठ्ठी होती की नाही, हेही त्याच वहीत त्याच रात्री लिहिले गेले पाहिजे.